उजवा आज, डावा उद्या

मास्तरांना माणसं नावानं लक्षात राहत नसत, पट्टीनं राहत. हार्मोनियमच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत गावातल्या प्रत्येकाची जागा त्यांनी ठरवून टाकलेली होती. आमचे मुख्याध्यापक पांढरी एक. गोंदियाच्या बसचा कंडक्टर काळी दोन, पण सर्दी झाली की पांढरी दोन. काळीला ते 'कारी' म्हणत. झाडीपट्टीत, म्हणजे या धानाच्या पूर्व विदर्भात, 'ळ'चा 'र' होतो, तसा.

मी वर्ध्याकडची. दवनीवाड्याच्या शाळेत कंत्राटावर संगणक शिकवायला आले आणि खोली बघायला त्यांच्या घरी गेले, तेव्हा ते सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, खाटेवर बसले होते. उंच, हाडकुळे, डोक्यावरचे केस पांढरेशुभ्र, आणि डाव्या हाताला मनगटापर्यंत दुपट्टा गुंडाळलेला.

"नाव सांगा," ते म्हणाले.

मी सांगितलं.

"असं नाई. दुरून कोनं हाक मारली तं कसं 'ओ' देता, तसं सांगा. खुल्या आवाजानं."

मला हसू आलं, पण सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, मान थोडी कलती केली.

"हं. कारी चार. राहा मंग."

खोलीचं असं ठरलं. भाड्याचं, पाण्याचं, दार किती वाजता बंद होतं ते सगळं नंतर काकूंनी सांगितलं. काकू म्हणजे त्यांची बायको, ठेंगणी, कमी बोलणारी, हात सतत कामात. काकूंची पट्टी कोणती, असं मी एकदा मास्तरांना विचारलं होतं. ते म्हणाले, "घरच्या वाद्याची पट्टी बाहेर सांगत नाई."

त्यांनी शाळेत कधी शिकवलेलं नव्हतं. त्या भागातल्या नाटकांत ऑर्गन वाजवणाऱ्याला ऑर्गन मास्तर म्हणतात, तेवढेच ते मास्तर. बाकी घरचं धान, त्याच्या बांध्या म्हणजे खाचरं, बैल, नंतर ट्रॅक्टर. पोवार शेतकऱ्यांचं घर. पूर्वज माळव्यातून इकडे आले असं त्यांच्यात सगळेच सांगतात. मास्तर त्यात स्वतःची भर घालत. "माळव्यातून निंघाले तं नांगर घेऊन निंघाले का ढोल घेऊन, हे कोनाले माहीत हाय? मी म्हनतो ढोल. नांगर इथं आल्यावर केला."

बिरसीच्या विमानतळावर वैमानिक तयार करायची शाळा आहे. तिथली लहान विमानं दिवसभर आमच्या डोक्यावरून घिरट्या घालत. गावात कोणी वर बघत नसे. मास्तर बघत नसत, पण ऐकत. खाटेवर पडल्या पडल्या म्हणत, "नवीन पोरगं हाय. हात थरथरून राह्यला त्याचा. पाहा, आवाज खाली येते, मंग वर जाते." दोन-तीन आठवड्यांनी म्हणत, "आता बसला सुरात." त्या पोराला कधी कळलं नसेल की खाली एक म्हातारा त्याची परीक्षा घेऊन त्याला पास करत होता.

दुसरी सवय पायांची. मास्तर कुठेही बसले की आधी चपला काढून बाजूला ठेवत. बँकेत, पंगतीत, तलाठ्याच्या कचेरीत, बसमध्येसुद्धा. ऑर्गनचा भाता अनवाणी पायांनी मारायचा असतो, त्याची ही सवय. डोक्यात काही चालू झालं की दोन्ही पाय आळीपाळीनं जमीन दाबायला लागत. आणि एकदा पाय चालू झाले की उठताना चपलांची आठवण राहत नसे. काकू बाजारातून एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या चपला आणून ठेवत. "कोनती कुठं राह्यली ते पाहाची झंझटच नाई," त्या म्हणत. गावात कोणाकडे लग्न झालं की दुसऱ्या दिवशी कोणीतरी मास्तरांची चप्पल घेऊन दारात उभं असे.

पण मी राहायला गेले त्या वर्षी ते पाय बहुतेक वेळ शांत असत. मला हे काकूंनी सांगितलं, कारण मला आधीचं काही ठाऊक नव्हतं. धान चुरायच्या मशीनमध्ये मास्तरांचा डावा हात गेला होता. तणसाची पेंढी अडकली म्हणून ओढायला गेले आणि बोटं आत गेली. हात वाचला, तीन बोटं गेली. जखम भरली, पण नाटक मंडळ्यांचे फोन यायचे थांबले. कोणी वाईट बोललं नाही. दिवाळीनंतर मंडयांचा, म्हणजे गावजत्रांचा, हंगाम लागला, गावोगावी नाटकं झाली, आणि मास्तरांना कोणी बोलावलं नाही, एवढंच झालं.

त्यांचा स्वतःचा ऑर्गन मधल्या खोलीत होता. त्यावर काकूंचं एक जुनं लुगडं पांघरलेलं. त्या घरात रिकामी जागा म्हणून नव्हती. तांदळाची पोती, पोत्यांवर सुपं, सुपांवर वाळवणं. पण ऑर्गनवर पाण्याचा पेलाही कोणी ठेवत नसे. मी एकदा न कळता वह्यांचा गठ्ठा ठेवायला गेले तर काकूंनी तो माझ्या हातातून घेतला आणि पोत्यावर ठेवला.

त्या पावसाळ्यात, रोवण्यांचे दिवस होते तेव्हा, मी शाळेतल्या मुलांना दाखवायला म्हणून लॅपटॉपवर संगीताचा एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम उतरवून घेतला. मला संगीतातलं काही कळत नाही. पडद्यावर चौकटी असतात, त्यात माउसनं टिंबं मांडायची, की ती वाजतात. मी एका बालगीताची चाल मांडत बसले होते. मास्तर दाराशी येऊन उभे राहिले.

"हे कोन वाजवून राह्यलं?"

"कोणी नाही. मी टिंबं मांडली, मशीन वाजवतंय."

"तिसरा सूर खाली पायजे."

मी ते टिंब खाली ओढलं. चाल बरोबर झाली. ते आत येऊन स्टुलावर बसले, चपला काढून. मी त्यांना दाखवलं की एका ओळीत एक चाल भरता येते, मग तीच वाजत असताना खालच्या ओळीत दुसरी भरता येते, मग तिसरी. शेवटी सगळ्या एकदम वाजतात.

त्यांनी पडद्यावरच्या ओळींवरून बोट फिरवलं.

"म्हंजे वरच्या ओरीत उजवा हात वाजवाचा," त्यांनी हळूहळू, प्रत्येक शब्द तपासत विचारलं, "अन् त्याच्या खालच्या ओरीत डावा. पन एकदम नाई वाजवला तरी चालते?"

"चालतं. वेगवेगळे भरायचे."

"उजवा आज, डावा उद्या?"

"हो. पुढच्या महिन्यात भरला तरी चालेल."

त्यांनी चष्मा काढला, दुपट्ट्याच्या टोकानं पुसला, आणि बाहेर निघून गेले. रात्री जेवायलाही उशिरा आले असं काकू म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तर फाटकाशी उभे.

"मॅडम, त्याले पेटी कोनती लागते?"

पेटी म्हणजे सिंथेसायझर. मला वाटलं, सोपा प्रश्न आहे. मी इंटरनेटवर बघून सांगितलं, "कोणताही चालेल मास्तर. संगणकाला जोडायची वायर असली की झालं."

ते दुखावले. "लुगडं घ्यायले गेल्यावर कोनतंही चालते म्हनता का?"

त्या दिवसापासून धान कापणीला येईपर्यंत आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. पट्ट्या किती असाव्यात हे ठरवायला त्यांनी एका लांब फळीवर खडूनं खऱ्या मापाच्या पट्ट्या आखल्या आणि तिच्यावर दुपारभर उजव्या हातानं मुकं वाजवत बसले. गावातली माणसं येता-जाता थांबत. "मास्तर, काय वाजवून राह्यले?" कोणी विचारलं की म्हणत, "तुमाले ऐकू नाई येत का? कान दाखवून या."

हसणारे पुष्कळ होते. या वयात हे कायले, असं तोंडावर म्हणणारेही होते. आमच्याकडे तोंडावर म्हणायची पद्धतच आहे. मास्तरांना भीती दुसरीच होती. एकदा फळीवर ओला फडका फिरवता फिरवता म्हणाले, "पेटी चुकली तं मी पुन्हा दुसरी नाई पाहनार, मॅडम. एकदाच उठीन मी."

ते माझ्या मोबाईलवर सिंथेसायझरची परीक्षणं बघत. बोलणारे सगळे इंग्रजीत. मास्तर बोलणं सोडून फक्त आवाज ऐकत, आणि वाजवणाऱ्याचे हात बघत. हात बघून म्हणत, "याची पट्टी जड हाय, पाहा, बोट उचलाले तरास होते त्याले." पण काही शब्द परत परत येत, ते मला विचारत. अटॅक म्हणजे काय? मी शोधून सांगितलं, पट्टी दाबल्यावर आवाज झटकन उठतो की हळूहळू, ते. रिलीज म्हणजे? बोट उचलल्यावर आवाज लगेच तुटतो की रेंगाळतो, ते.

"अस्सं," मास्तर म्हणाले. "म्हंजे पाव्हना येते कसा अन् जाते कसा. अन् मधात जे घरी राहते ते?"

"त्याला सस्टेन म्हणतात."

"ते बराबर. पाव्हन्याची खरी पारख तितंच होते."

पुढे माझ्या वर्गात मी हेच उदाहरण देत आले आहे. आता मी वर्ध्याच्या एका शाळेत असते आणि मुलांना आवाजाचा आलेख काढून दाखवते, तेव्हा फळ्यावर पाहुणा येतो, बसतो आणि जातो. मास्तर अजून अधूनमधून फोन करतात. मी 'हॅलो' म्हटलं की आधी तब्येत सांगतात, माझी. "आवाज अर्ध्या पट्टीनं उतरला तुमचा. झोपून नाई राह्यल्या तुमी."

आमचा वाद झाला तो पायावरून. मी म्हणत होते, इलेक्ट्रिक वाद्याला भाता नसतो, तेव्हा पायाचं काही कामच नाही. मास्तर ऐकेनात.

"बोट नुसतं दार उघडते मॅडम. हवा पायातून येते. एकच सूर धरून ठेवला अन् पाय ढिला केला तं तो सूर रडते. पाय दाबला तं तोच सूर भांडते. पायाशिवाय वाजवाचं तं मंग ते टायपिंग झालं. ते तुमी करूनच राह्यल्या."

पहिल्यांदा आम्ही गोंदियाला गेलो. बाजारात वाजंत्र्यांचं सामान विकणारं एक दुकान आहे. ढोल, बँडचे पितळी भोंगे, आणि काचेच्या मागे चकचकीत सिंथेसायझर. दुकानदार हिंदीतच बोलणारा, गोड माणूस. त्यानं सगळ्यात मोठा काढून समोर ठेवला.

"मास्तरजी, ये देखिए. आपको कुछ करना ही नहीं है. ये बटन दबाओ, पूरा बैंड शुरू."

मास्तरांनी बटण दाबलं. तबला, ढोलक, गिटार, व्हायोलिन, सगळं एकदम सुरू झालं. मास्तर हात मांडीवर ठेवून, एखाद्याचं भाषण ऐकावं तसं, अदबीनं संपायची वाट बघत बसले. ते संपेना. शेवटी दुकानदारानंच बंद केलं.

"हे तं माझ्याबिगर वाजते," मास्तर म्हणाले. "मंग माझं काय काम?"

"तो आप आराम कीजिए ना, मास्तरजी."

"लय आराम झाला बाबू," मास्तर म्हणाले आणि उठले. बसमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं की चपला दुकानातच राहिल्या. पण पाय काही चाललेले नव्हते. मास्तर नुसतेच विसरले होते.

नागपूरला जाताना काकू म्हणाल्या, मी येते. त्या कधी कुठे येत नसत. शेत, घर, फार तर रजेगावला माहेरी. मास्तरांनी विचारलं, "तू काऊन?" काकू म्हणाल्या, "तुमच्या चपलांसाठी." गोंदियाहून सकाळच्या गाडीत आम्ही तिघं बसलो. काकूंनी लाखोळीच्या डाळीचे वडे आणि चटणी बांधून घेतली होती. ते आम्ही भंडारा रोडच्या आधीच संपवले.

नागपूरचं दुकान मोठं होतं, थंडगार, एका तरुण माणसाचं. तो मराठी-हिंदी मिसळून, अदबीनं बोलत होता. मास्तरांनी पहिली मागणी केली ती एसी बंद करायची. "त्याचा सूर मधात येऊन राह्यला." त्यानं एसी बंद केला. मग मास्तर एकेका सिंथेसायझरसमोर बसायचे, एकच पट्टी दाबायचे आणि तशीच धरून ठेवायचे. खूप वेळ. मग पुढच्याकडे.

"काका, एखादं गाणं वाजवून बघा ना," तो म्हणाला.

"गानं मले येते. याले काय येते ते पाहून राह्यलो."

मी पायाचा विषय काढला. त्यानं एक पेडल आणून जोडलं. मास्तरांनी दाबलं. दाबलं की सूर लांबत होता, सोडलं की तुटत होता. मध्ये काही नाही.

"हा पाय नाई. हे बटन हाय, जमिनीवर ठेवलेलं."

तो दुकानदार तरीही कंटाळला नाही. त्याचं लक्ष मास्तरांच्या दुपट्ट्याकडे गेलं असावं, कारण त्यानं एका वाद्यावर काहीतरी दाबलं आणि आवाज खाली आणून, खरंच आपुलकीनं म्हणाला, "काका, एका हातानंच वाजवायचं असेल ना, तर याच्यात सोय आहे. तुम्ही उजव्यानं चाल वाजवा, डाव्या हाताचं सगळं हे आपोआप करतं. कोणाला कळणारपण नाही."

मास्तर हळूच उठले आणि काचेचं दार ढकलून बाहेर गेले. मी मागे जायला निघाले तर काकूंनी माझा हात धरला.

"जाऊ द्या. च्या पिऊन येतीन." मग त्या दुकानदाराला म्हणाल्या, "तुमी काई वाईट नाई बोलले, बाबू. पन हे आयकाले नाई आले ते."

तो बिचारा ओशाळला. काकूंसाठी स्टूल आणलं, पाणी दिलं. काकू पाणी पिता पिता दुकानभर नजर फिरवत होत्या. बाजारात भाजी बघावी तशी, घाई न करता. कोपऱ्यात एका वाद्यावर प्लास्टिकचा कागद टाकलेला होता.

"याचं काऊन तोंड झाकलं?"

"ते नाही चालणार काकू. ते स्टुडिओवाल्यांचं आहे. त्यात गाणी नाहीत, ठेका नाही, स्पीकरपण नाही. नुसती बटणं. आवाजसुद्धा आपला आपण बनवायचा. दोघंतिघं बघून गेले, कोणी घेतलं नाही."

"पायाची सोय हाय का त्याले?"

तो वाकला, मागचं बघितलं. "आहे. एक्स्प्रेशन पेडल लागतं याला. म्हणजे पाय जितका दाबाल तितका आवाज." आणि माझ्याकडे बघून हसला. "हेच म्हणत होते का ते?"

मास्तर परत आले तेव्हा ते वाद्य पुसून, स्पीकरला जोडून, पेडलसकट तयार होतं. पट्ट्या कमी होत्या, रंग मळकट करडा, वर गोल फिरवायची बटणं दाटीनं बसवलेली. मास्तर काही विचारणार तेवढ्यात काकू म्हणाल्या, "बसा."

ते बसले. एक पट्टी दाबली. पातळ, टोचरा आवाज आला. त्यांनी तोंड वाकडं केलं. मी अटॅकचं बटण दाखवलं, ते त्यांनी हळूहळू फिरवलं. आवाजाचं टोक मऊ झालं. दुसरं एक बटण फिरवलं तसा आवाज जाड होत गेला, त्यात लाकडासारखं काहीतरी आलं. मग त्यांनी उजवा अनवाणी पाय पेडलवर ठेवला. सूर खालून भरत भरत आला, दुकानाच्या छतापर्यंत गेला, आणि पाय सैल केला तसा परत त्यांच्या बोटाखाली येऊन बसला.

त्यांनी पुढची पट्टी दाबली. मग तिच्या पुढची. चाल अशी काही नव्हती. पण त्यांचा डावा पाय, ज्याच्याखाली पेडल-बिडल काही नव्हतं, तो नुसत्याच फरशीला भाता मारायला लागला होता.

काकूंनी तो बघितला. उठल्या, पदर सावरला, आणि दुकानदाराला म्हणाल्या, "बांधा."

घासाघीस मी केली. त्या दोघांना त्यात रस नव्हता. काकूंच्या हातात मास्तरांच्या चपला होत्या.

घरी ते वाद्य मधल्या खोलीत ऑर्गनच्या शेजारी लागलं, त्याच्या बाजूला माझा लॅपटॉप. पोती हलवून काकूंनी जागा केली. मास्तरांनी आधी काही वाजवलं नाही. कितीतरी दिवस नुसते आवाज बनवत राहिले. एक आवाज जमला की मला बोलावून ऐकवायचे. "हा मोठ्या ऑर्गनचा. हा त्याच ऑर्गनचा, पन पान्याच्या दिवसांतला, भाता ओला झालेला." मला दोन्हींत फरक कळत नसे. काकूंना कळे. त्या चुलीजवळून सांगत, "ओलाच बरा हाय."

मग चाल आली. सरळ, संथ, नाटकाचा पडदा उघडण्याआधी वाजावी तशी. उजव्या हातानं एका संध्याकाळी त्यांनी ती भरली. दुसऱ्या दिवशी, ठरल्याप्रमाणे, डाव्या हाताचा भाग. तोही उजव्या हातानंच. मी दोन्ही ओळी एकदम लावल्या. बोटं गेल्यापासून पहिल्यांदाच दोन्ही हातांचा ऑर्गन त्या घरात वाजला. काकू तांदूळ निवडत होत्या, त्यांचं सूप थांबलं. मास्तरांनी तेच परत लावायला सांगितलं, मग परत. आनंदात होते. गावातल्या दोघातिघांना बोलावून ऐकवलं. हसणारेही गप्प बसून ऐकून गेले.

चार-पाच दिवसांनी मी शाळेतून आले तर ते लॅपटॉपसमोर.

"मॅडम, खालची ओर पुसून टाका."

"का? बिघडली का?"

"बिघडली नाई. खोटं बोलून राह्यली. डावा असा नाई चालत. हा उजवाच हाय, डाव्याचे कपडे घालून आला."

"ऐकणाऱ्याला कोणाला कळणार, मास्तर?"

"मले करते ना."

मी पुसली. त्यांचे पाय शांत. आणि मग त्यांनी दुपट्ट्याची गाठ उजव्या हातानं सोडायला सुरुवात केली. मी त्या घरात आल्यापासून तो हात उघडा बघितला नव्हता. अंगठा होता, करंगळी होती, मध्ये शिवलेली, चकाकणारी कातडी. मी पडद्याकडे बघायला लागले.

"तिकडं नोका पाहू," मास्तर म्हणाले. "इकडं पाहा. कुठून कुठं पुरते ते पाहाचं हाय."

अंगठा आणि करंगळी त्यांनी पट्ट्यांवर ताणून ठेवली. अंगठा पंचमावर बसला, करंगळी खालच्या षड्जावर. मधल्या सगळ्या पट्ट्या रिकाम्या. मी म्हणाले, वेग कमी करते, तुम्ही सावकाश भरा, नंतर वाढवता येईल. ते म्हणाले, "नोको. चालच धिमी करू. त्याले जमन तेवढी."

दुसरी चाल त्या हातासाठी बांधली गेली. डाव्याला दोनच सूर. करंगळी, अंगठा, करंगळी. झोपाळ्यासारखं. वरचा उजवा हात त्याच्यावरून हळू चालत जाणारा, कधी थांबून त्याची वाट बघणारा. पहिल्यांदा भरताना करंगळी घसरली, दुसऱ्यांदाही घसरली. दुखतही असावं. काकू उठून आल्या आणि खोबरेल तेलाची वाटी शेजारी ठेवून परत गेल्या. तो भाग नीट उतरायला बरेच दिवस लागले, पण त्या दिवसांत दुपट्टा खुंटीवरच होता. बाजारातही ते तसेच गेले. कोणी हाताकडे बघत राहिलं की म्हणत, "पाहून घ्या. सा अन् प, दोनच हाये. पन पक्के हाये."

पुढे त्यांनी बरंच केलं. एका नाटक मंडळीनं त्यांच्याकडून पडद्याचं संगीत करून घेतलं. नवेगाव बांधच्या एका मंडळाला त्यांनी दंडारीसाठी, म्हणजे तिकडच्या नाचगाण्याच्या खेळासाठी, सूर भरून दिले. पण मला लिहायचं आहे ते आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाबद्दल, कारण ते पहिलं.

मुलांनी एक छोटं नाटक बसवलं होतं. हरवलेली म्हैस शोधायला जंगलात गेलेल्या बहीण-भावाची गोष्ट. मुख्याध्यापकांनी, पांढरी एकनं, मास्तरांना संगीत मागितलं. मास्तरांनी तीच, डाव्यासाठी बांधलेली चाल दिली, आणि जंगलासाठी आणखी थोडी. कार्यक्रम दुपारचा, मैदानात मांडव घालून. मी लॅपटॉप घेऊन रंगमंचाखाली एका बाजूला बसले होते. माझ्याजवळ मास्तरांसाठी खुर्ची ठेवली होती, कारण वाजवणाऱ्यांची जागा तीच.

ते तिकडे आलेच नाहीत. नाटक सुरू व्हायच्या बेतात मी मागे वळून बघितलं तर ते समोर सतरंजीवर, बायकांच्या बाजूला, काकूंना खेटून बसलेले. आजूबाजूच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी खूण केली, इकडे या. त्यांनी मानेनं नाही म्हटलं.

पडदा उघडला, त्यांची चाल वाजली. मी त्यांच्याकडे बघत होते. मला वाटलं, डोळे मिटून ऐकतील. त्यांचं आपल्या संगीताकडे लक्षच नव्हतं. तोंड थोडं उघडं टाकून ते रंगमंचाकडे बघत होते. भाऊ झालेल्या पोरानं म्हशीला हाक मारली तेव्हा काकूंकडे वाकून त्यांनी काहीतरी विचारलं, आणि काकूंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांना गप्प केलं.

संध्याकाळी घरी आल्यावर मी विचारलं, "मास्तर, तुमची खुर्ची रिकामी राहिली."

"त्या जागी जन्म गेला, मॅडम," ते म्हणाले. "रंगमंचाच्या खाली, बाजूले. तितून पात्रांचे पाय दिसते. राजा कोनता अन् शिपाई कोनता, मी पायावरून ओरखतो. तोंडं कधी पाह्यलीच नाई मी. नाटक म्हंजे काय राहते ते आज पाह्यलं." आणि ते हातपाय धुवायला मागच्या अंगणात गेले.

काकू चुलीशी बसल्या होत्या. लग्न झाल्यापासून प्रत्येक नाटकाला त्या बायकांत एकट्या बसत, मास्तर तिकडे वाजवत. आणि मग घरी परतताना, बैलगाडीत, सायकलवर, पायी, नाटकात काय झालं ते त्या मास्तरांना सांगत. कोण मेलं, कोण कोणाला भेटलं, शेवटी काय झालं. हे मला त्यांनी त्या दिवशी सांगितलं.

"अन् आज?" मी विचारलं.

काकूंनी फुंकणी खाली ठेवली.

"आज शाळेपासून घरापर्यंत तेच सांगत आले. म्हैस कशी हरपली, पोरगी कशी रडली, कशी सापडली. पूर्न गोष्ट." त्या जरा हसल्या. "मी पन तितंच बसली होती. पन सांगू देलं."